इंग्रजी न येणारी लॅटिना बाई दवाखान्यात येते तेव्हा: फोनपासून बिलापर्यंत काय काय करायचं

सासूबाई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांना काहीतरी त्रास होत होता म्हणून डॉक्टरकडे नेलं, आत त्यांच्याबरोबर नवरा गेला आणि मी बाहेर लेकाला सांभाळत बसले. डॉक्टरने विचारलं काय होतंय, नवऱ्याने मराठीत विचारलं, सासूबाई म्हणाल्या, "काही नाही रे, जरा थकवा आहे." रक्ततपासणी लिहून दिली, संपलं. पार्किंगमध्ये गाडीत बसताना मला हळूच म्हणाल्या, "अगं, अंग बाहेर येतंय." म्हणजे गर्भाशय खाली सरकलं होतं. वर्षभर चाललं होतं ते. पोराला कसं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्याने "अंग बाहेर येतंय" चं इंग्रजी काय केलं असतं देव जाणे. तिथे कुणी म्हणालं नाही की फोनवर मराठी इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी, मिळू शकतो, आणि तो मागायचा असतो हे आम्हालाही माहीत नव्हतं.

पुढे मी स्पॅनिश शिकले आणि न्यू ब्रन्सविकमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये शनिवारी फ्रंट डेस्कला मदत करायला लागले. पहिल्याच महिन्यात एक पन्नाशीची मेक्सिकन बाई आली, बरोबर चौदा वर्षांचा मुलगा. मुलगा इंग्रजीत म्हणाला, आईचं पोट दुखतंय. ती मात्र माझ्याकडे बघून पुटपुटली, "से मे बाहो ला मात्रिस." म्हणजे माझी पिशवी खाली आली. अक्षरशः आपल्या बायका म्हणतात तशीच पिशवी! पोराला तो शब्द माहीतही नव्हता, आणि माहीत असता तरी त्याने बोलावा असा तो नव्हता.

अमेरिकेत नर्स, डॉक्टर, फार्मसिस्ट, रिसेप्शन, आयटी, बिलिंग, सगळीकडे मराठी माणसं आहेत आणि न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या एडिसनपासून दहा-पंधरा मिनिटांवर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या, वस्त्या आहेत, म्हणून हे मराठीत लिहितेय. बहुतेकांना वाटतं खोलीत इंटरप्रिटर आला की काम झालं. मला इतक्या शनिवारांत उलटंच दिसलं, बाई खोलीत हरवत नाही, ती खोलीच्या आधी नाहीतर नंतर हरवते. फोनवर, फॉर्मवर, औषधाच्या बाटलीवर, बिलावर. म्हणून एकाच बाईच्या एकाच अपॉइंटमेंटच्या मागे मागे चालत जाऊ.

त्याआधी कायदा, थोडक्यात

कारण कुणीतरी तुम्हाला म्हणेलच की "आता ते रूल्स गेले". १ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा ठरली आणि २००० सालचा भाषा-मदतीचा जुना आदेश रद्द झाला, हे खरं. पण तो आदेश होता, कायदा नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ जागच्या जागी आहेत. सरकारी पैसा घेणाऱ्या, म्हणजे मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) किंवा मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा) घेणाऱ्या हॉस्पिटलने आणि क्लिनिकने पेशंटला लायक इंटरप्रिटर फुकट द्यायचा असतो. या कलमाच्या २०२४ च्या नियमात तर स्पष्ट आहे की लहान मुलांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही, जिवावरची इमर्जन्सी असेल आणि इंटरप्रिटर येईपर्यंतच तेवढं चालतं. मोठ्या नातेवाइकाकडून करून घ्यायचं तर बाईने ते स्वतः मागितलं पाहिजे, तेही नातेवाईक समोर नसताना, लायक इंटरप्रिटरच्या मदतीने विचारल्यावर. आमच्या सासूबाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं.

पायरी १: स्वतःच्याच क्लिनिकला फोन करा

हे खरंच करा, आजच संध्याकाळी. मोबाइलवरून क्लिनिकचा नंबर लावा आणि "पारा एस्पान्योल, ओप्रीमा एल दोस" (स्पॅनिशसाठी दोन दाबा) ऐकू येईपर्यंत किती इंग्रजी वाक्यं जातात ते मोजा. एका ठिकाणी मी मोजली होती, नऊ. आधी इमर्जन्सी असेल तर काय करा, मग फ्लूचं इंजेक्शन, मग वेबसाइटचा पत्ता, मग कुठे स्पॅनिश. तोपर्यंत बाईने फोन ठेवलेला असतो. स्पॅनिशची ओळ पहिल्या पाच सेकंदात आणणं ही फोन सिस्टिम बघणाऱ्या माणसाची पंधरा मिनिटांची कामगिरी आहे, त्याला कॉफी पाजा आणि करून घ्या.

मग दोन दाबून बघा. पुष्कळदा दोन दाबल्यावर जी मुलगी फोन उचलते ती इंग्रजीतच हॅलो म्हणते! फ्रंट डेस्कला एक कागद चिकटवा, त्यावर देवनागरीतसुद्धा चालेल (माझ्यासाठी मी तसाच केलाय): "उन मोमेंतो, पोर फावोर, वोय आ यामार आ उन इंतेर्प्रेते." एक मिनिट हं, इंटरप्रिटरला फोन लावते. एवढं ऐकलं की बाई लाइनवर थांबते. आणि आपल्याला एक फायदा आहे बरं का, स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, अमेरिकन सहकाऱ्यांना वर्षभर जमत नाहीत ते आपल्या जिभेवर आयतेच असतात. फक्त न आणि न्य मध्ये घोळ घालू नका. "आन्योस" म्हणजे वर्षं. "आनोस" म्हणजे गुदद्वारं. वय विचारताना हा घोळ माझा झालाय, समोरची आजी पोट धरून हसली, बरं झालं हसली.

परत फोन करायचा नंबर घेताना दोन गोष्टी विचारा. हा नंबर किती दिवस चालू राहील, कारण बऱ्याच जणींचे प्रीपेड असतात आणि बदलतात. आणि व्हॉइसमेल ठेवला तर चालेल का, कारण फोन नवऱ्याचा असू शकतो आणि गर्भनिरोधकाचा किंवा गुप्तरोगाच्या तपासणीचा निरोप त्याने ऐकावा असं तिला वाटत नसेल.

पायरी २: भाषा विचारा, गृहीत धरू नका

लॅटिना म्हणजे स्पॅनिश, हे मराठी माणूस म्हणजे हिंदी येणारच म्हणण्यासारखं आहे. ब्राझीलची बाई पोर्तुगीज बोलते. न्यू ब्रन्सविकच्या फ्रेंच स्ट्रीटवर मेक्सिकोच्या वाहाका राज्यातली माणसं पुष्कळ आहेत (इंग्रजी स्पेलिंग बघून ओअक्साका वाचू नका), आणि वाहाकात मिश्तेको, सापोतेको अशा भाषा आहेत ज्यांचा स्पॅनिशशी कोकणी आणि तमिळ इतकाही संबंध नाही. ग्वाटेमालाकडच्या बायका माम, किचे, कांहोबाल बोलतात. यातल्या कित्येकींना स्पॅनिश बाजारापुरतं येतं. त्या स्पॅनिश इंटरप्रिटरला "सी, सी" म्हणत राहतात, मान डोलावतात, आणि आपण चार्टमध्ये लिहितो की पेशंटला समजलं.

"स्पॅनिश येतं का?" विचारलंत तर उत्तर हो येणार. कारण नाही म्हणण्यात कमीपणा वाटतो, त्या भाषांना तिकडे हिणवलं गेलंय, "दियालेक्तो" म्हणजे बोलीभाषा म्हणून. त्यापेक्षा असं विचारा: "के से आब्ला एन सु प्वेब्लो?" तुमच्या गावात काय बोलतात? बघा चेहरा कसा खुलतो. मग गावाचं नाव आणि जिल्हाही लिहून घ्या, कारण मिश्तेको एकच नाही, डोंगरापलीकडची मिश्तेको या बाजूच्या बाईला कळत नाही. इंटरप्रिटर कंपनीला "मिश्तेको पाहिजे" म्हणून सांगितलं तर चुकीचा माणूस येतो, गावासकट सांगितलं तर बरोबर येण्याची शक्यता बरीच वाढते. या भाषांचा दुभाषी आयत्या वेळी मिळत नाही, आठवडाभर आधी बुक करावा लागतो, म्हणून हा प्रश्न अपॉइंटमेंट देतानाच विचारायचा.

आणि हे सगळं चार्टमध्ये वरच दिसेल अशा ठिकाणी टाका. नाहीतर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

पायरी ३: नाव आणि तारीख

छोटी गोष्ट आहे पण चार्ट हरवण्याचं कारण बहुतेक वेळा हीच असते. त्यांच्यात दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं मग आईकडचं. आपल्या डेस्कवरची मुलगी शेवटचं ते आडनाव धरते आणि वडिलांकडचं मधलं नाव म्हणून टाकते, पुढच्या वेळी दुसरी मुलगी उलट करते, झाले दोन चार्ट, मॅमोग्राम एकात आणि बायोप्सी दुसऱ्यात. दोन्ही आडनावं आडनावाच्याच खान्यात लिहा. आणि जन्मतारीख, ०५/०८ लिहिली तर ती आपल्यासारखीच ५ ऑगस्ट म्हणते, कॉम्प्युटर ८ मे समजतो. महिना अक्षरात विचारा. वेटिंग रूममध्ये नुसतं "मारिया" म्हणून हाक मारू नका, पाच जणी उठतात.

पायरी ४: इंटरप्रिटर कसा वापरायचा

इंटरप्रिटर तीन प्रकारे मिळतो: प्रत्यक्ष, फोनवर, आणि चाकांच्या स्टँडवरच्या टॅबलेटवर व्हिडिओने. प्रत्यक्ष सगळ्यात चांगला असं सगळे म्हणतात, मी पूर्णपणे मानत नाही. छोट्या वस्तीत प्रत्यक्ष आलेली इंटरप्रिटर ही त्याच चर्चमधली निघते, बाई तिच्यासमोर गर्भपात झाला होता हे सांगत नाही. अशा वेळी दुसऱ्या राज्यातला फोनवरचा अनोळखी आवाज बरा. तिलाच विचारा काय हवं. स्त्रीरोगाचं काही असेल तर बाई इंटरप्रिटर मागा, फोन लावतानाच सांगायचं असतं.

खोलीत गेल्यावर आधी इंटरप्रिटरला दोन वाक्यांत विषय सांगा: बाई अमुक वयाची, आज पोटाची सोनोग्राफी बघून बोलायचंय, वाईट बातमी असू शकते. त्यालाही तयारीला सेकंद मिळतो. त्याचा आयडी नंबर चार्टमध्ये लिहा. मग फोन टेबलावर बाईच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा आणि बाईकडे बघून बोला. "तिला विचारा कधीपासून दुखतंय" नाही, "तुम्हाला कधीपासून दुखतंय?" एक-दोन वाक्यं, थांबा. मराठी डॉक्टर मंडळींना (माझा दीर त्यातलाच) एका दमात निदान, औषध, पथ्य, पुढची तारीख सगळं सांगून टाकायची सवय असते, इंटरप्रिटरच्या हातात त्यातलं निम्मं उरतं.

बाई तीन मिनिटं बोलली आणि इंटरप्रिटर म्हणाला "ती नाही म्हणते", तर थांबवा. म्हणा, तिने जे सांगितलं ते सगळं मला शब्दशः सांगा.

आणि शेवटी "समजलं का?" विचारू नका. त्याचं उत्तर जगभर एकच आहे. असं म्हणा: "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बहिणीने विचारलं तर तिला काय सांगाल?" मग ती सांगेल, आणि पहिल्या वेळी जवळजवळ नक्की काहीतरी उलटं निघेल. ही दोन मिनिटं वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप "बाथरूम तिकडे आहे" एवढ्यासाठी ठीक. निदान, डोस, सही, यासाठी नाही. २०२४ च्या नियमात महत्त्वाच्या मजकुराचं मशीनने केलेलं भाषांतर लायक माणसाने तपासायचं असंही आहे. आणि क्लिनिकमधली झाडलोट करणारी ताई स्पॅनिश बोलते म्हणून तिला आत बोलवायचं, हे अजून चालतं कितीतरी ठिकाणी. तिच्यावरही अन्याय आणि पेशंटवरही.

पायरी ५: शब्द

१९८० मध्ये फ्लोरिडात विली रामिरेझ नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलात आणलं. क्युबन घरचे म्हणाले "इंतोक्सिकादो", त्यांच्या बोलीत म्हणजे काहीतरी बाधलंय, खाण्यातून वगैरे. डॉक्टरांनी ऐकलं इंग्रजीतलं इंटॉक्सिकेटेड, ड्रगचा ओव्हरडोस समजून उपचार केले. खरं तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला, सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. एका शब्दाची. त्या दिवशी इंटरप्रिटर मागवला नव्हता कारण दोन्ही बाजूंना वाटलं आपल्याला समजतंय.

म्हणून स्पॅनिश थोडं येत असेल तर जास्त सावध राहा, मी स्वतःला रोज सांगते. थोडं येणं हेच धोक्याचं. माझ्या वहीतले काही शब्द देते. "एम्बारासादा" म्हणजे गरोदर, लाजलेली नव्हे. "फातिगा" म्हणजे थकवा असं पुस्तकात असतं पण पोर्तो रिकोची बाई म्हणाली तर तिला दम लागतोय, दमा असू शकतो. "आसुकार" म्हणजे साखर, आपल्याकडे "शुगर आहे" म्हणतात तसंच मधुमेहासाठी. "ला रेग्ला" पाळी. "फ्लूहो" म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. "एस्तोय लिगादा" म्हणजे माझं ऑपरेशन झालंय, मूल न होण्याचं. "सुस्तो" म्हणजे दचकून, घाबरून जडलेलं दुखणं, आणि यावर हसायचं नाही, आपल्याकडे दृष्ट काढणारी माणसं कमी आहेत का. "सुस्तो कधी झाला, तेव्हा काय घडलं होतं?" असं विचारलं तर कधी सीमा ओलांडतानाचं बाहेर येतं, कधी घरातली मारहाण. सुस्तो हा शब्द म्हणजे दार आहे, फॉर्मवर त्याला चौकोन नाही एवढंच.

"उस्तेद" वापरा, म्हणजे तुम्ही. वयस्कर बाईला "सेन्योरा" किंवा नावाआधी "दोन्या". अमेरिकन मोकळेपणाने पहिल्या नावाने अगं-तुगं करू नका, आपल्या आजीला कुणी केलं तर कसं वाटेल तसंच.

पायरी ६: सही घेताना

लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकाअखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीला मेक्सिकन बायकांची बाळंतपणाच्या कळांमध्ये इंग्रजी फॉर्मवर सही घेऊन नसबंदी केली गेली. काहींना नंतर महिनोन्‌महिने पत्ताच नव्हता. दहा जणी कोर्टात गेल्या, माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन म्हणून खटला प्रसिद्ध आहे, १९७८ मध्ये न्यायाधीशाने निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला. हरल्या, पण याच सुमाराच्या आरडाओरड्यातून नियम बदलले: सरकारी पैशातून नसबंदी करायची तर वय किमान २१, सही आणि ऑपरेशन यात किमान ३० दिवस (मुदतीआधी बाळंतपण किंवा पोटाची तातडीची शस्त्रक्रिया असेल तर ७२ तास), कळा चालू असताना सही नाही, आणि फॉर्मवर इंटरप्रिटरच्या सहीची वेगळी जागा. आणीबाणीतली नसबंदी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना हे वेगळं समजवायला नको.

तेव्हा वयस्कर बाई सही करायला का-कू करत असेल तर ती "अडाणी" नाही. फॉर्म भाषेत द्या, वाचता येत नसेल (मिश्तेको वाचणाऱ्या फार थोड्या) तर इंटरप्रिटरकडून पूर्ण वाचून घ्या, घरी न्यायला एक प्रत द्या, आणि "उद्या सही केली तरी चालेल" हे मोठ्याने म्हणा, जिथे चालतं तिथे.

पायरी ७: औषधाची बाटली

इंग्रजी लेबलवर "वन्स" लिहिलेलं असतं, दिवसातून एकदा. तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये "ओन्से" वाचतात. ओन्से म्हणजे अकरा. पुन्हा वाचा. रक्तदाबाची गोळी अकरा वेळा.

कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये फार्मसीने स्पॅनिशसह काही भाषांत सूचना देण्याचे कायदे आहेत. इतर राज्यांतही मोठ्या साखळी दुकानांच्या कॉम्प्युटरमधून स्पॅनिश लेबल निघतं, मागावं लागतं एवढंच, म्हणून प्रिस्क्रिप्शन पाठवतानाच त्यावर लिहा की लेबल स्पॅनिशमध्ये द्यावं. मुलांच्या पातळ औषधाला चमचा लिहू नका, "कुचारादा" मोठा चमचा आणि "कुचारादिता" छोटा, फरक तिप्पट डोसचा. मिलिलिटरमध्ये लिहा, सिरिंज द्या, सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. आणि वाचता न येणाऱ्या बाईला सूर्य आणि चंद्र काढून द्या डब्यावर, आमच्याकडे मार्कर ठेवलेलेच आहेत.

पायरी ८: तपासणीला का येत नाहीत

हिस्पॅनिक बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण इथल्या गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे, आणि हा तर वेळेत तपासणी केली तर टाळता येणारा कर्करोग. मीटिंगमध्ये लोक म्हणतात "त्यांच्या कल्चरमध्ये नाही". मला हे ऐकलं की चिडायला होतं. पापानिकोलाऊ, म्हणजे गर्भाशयमुखाची पॅप तपासणी, हा शब्द मेक्सिकोतल्या खेड्यातल्या बाईलाही माहीत असतो! फ्रेंच स्ट्रीटवरून पहाटे रोजंदारीवर कामगार पुरवणाऱ्या एजन्सीच्या व्हॅन टर्नपाइक हायवेकडच्या वेअरहाऊसला जातात, त्यात बसलेली बाई मंगळवारी सकाळी दहाची अपॉइंटमेंट घेऊन काय करेल? दिवस बुडला की मजुरी बुडते, आणि उद्या व्हॅनमध्ये जागा मिळेल की नाही तेही नक्की नाही.

तर करायचं काय. संध्याकाळचे आणि शनिवारचे स्लॉट स्पॅनिशवाल्या बायकांसाठी राखून ठेवा. एकाच फेरीत पॅप, रक्त, मॅमोग्रामची चिठ्ठी सगळं उरका. मुलं आणली तर बसायला कोपरा आणि खडू, त्यांच्यासाठी अपॉइंटमेंट नाकारू नका. न्यू जर्सीत २०१८ पासून पगारी आजारपणाच्या रजेचा कायदा आहे, ३० तास कामाला १ तास रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत, एजन्सीच्या कामगारांनाही. हे फारच थोड्या जणींना माहीत असतं. स्पॅनिशमध्ये एक कागद छापून बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे निवांत वाचतात आणि कुणी बघत नाही.

पैशाचं: विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची केंद्र सरकारची योजना आहे, १९९० च्या कायद्याची, प्रत्येक राज्यात वेगळं नाव, आमच्याकडे एनजे-सीड, कॅलिफोर्नियात एव्हरी वुमन काउंट्स. मॅमोग्राम ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी करायची शिफारस आहे, पॅप २१ पासून. आणि कम्युनिटी हेल्थ सेंटर असतातच, तिथे उत्पन्नाप्रमाणे फी, दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत सवलत. गरोदर असेल तर विचारायलाच नको, बऱ्याच राज्यांत कागदपत्रं नसली तरी बाळंतपणाआधीच्या तपासण्यांचं काही ना काही कव्हर असतं, आणि विक नावाची पोषण योजना इमिग्रेशन स्टेटस बघत नाही.

पायरी ९: भीती

जानेवारी २०२५ मध्ये हॉस्पिटल, शाळा, चर्च इथे इमिग्रेशनची कारवाई टाळायचं जुनं धोरण रद्द झालं. त्याच वर्षी मेडिकेडची माहिती इमिग्रेशनकडे गेल्याचं उघड झालं, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. तेव्हा बाईला "काही होत नाही हो, या बिनधास्त" असं आपल्या मनाने सांगू नका. खोटं ठरलं तर ती तर जाईलच, तिच्या ओळखीच्या वीस जणीही यायच्या बंद होतील.

करता येण्यासारखं हे आहे. गरज नसताना स्टेटस विचारू नका आणि चार्टमध्ये लिहू नका. योजनेचा फॉर्म भरायच्या आधी ती कोणत्या खात्याची, माहिती कुठे जाते हे सांगा आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा नंबर द्या, फोनसुद्धा तिथूनच लावून द्या. कुणी अधिकारी आला तर बोलणारा माणूस एकच ठरवून ठेवा, बाकीच्यांनी "मॅनेजरशी बोला" एवढंच म्हणायचं, आणि न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आहे का हे तो माणूस बघेल. मात्र एक गोष्ट तिला ठामपणे सांगा: १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी रूमला कुणालाही तपासावं लागतं आणि स्थिर करावं लागतं, विमा असो नसो, कागद असो नसो, बाळंतपणाच्या कळाही त्यात आल्या. रक्तस्राव होत असताना घरी थांबायचं नाही.

पायरी १०: बिल

बिल येतं इंग्रजीत, महिना-दीड महिन्याने, आणि बाई ते ड्रॉवरमध्ये ठेवते. पुढच्या वेळी दुखलं तरी येत नाही कारण "माझं देणं आहे तिथे". ही गाठ सोडवणं सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं.

ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं, आणि भागातल्या १००० लोकांची किंवा ५ टक्के लोकांची (जे कमी असेल ते) भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत. डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल निघाल्यापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणजे ड्रॉवरमधलं जुनं बिलसुद्धा बहुतेक वेळा मुदतीत असतं. न्यू जर्सीत चॅरिटी केअर वेगळी आहे, दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर हॉस्पिटलचं बिल पूर्ण माफ, ३०० पर्यंत काही प्रमाणात, आणि बचत व्यक्तीची ७५०० डॉलर, कुटुंबाची १५००० डॉलर यापेक्षा कमी हवी. रोख मजुरी घेणाऱ्या बाईकडे पे-स्लिप नसते, मालकाची चिठ्ठी चालेल का ते ऑफिसला विचारा. भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट यांची बिलं वेगळी येतात आणि चॅरिटी केअरमध्ये बसत नाहीत, हे आधीच सांगा नाहीतर "माफ झालं म्हणाला होतात" म्हणून ती तुमच्यावरच उखडेल आणि बरोबरच आहे.

मी करते ते असं: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी "त्राइगा सुस बिलेस", बिलं घेऊन या. टेबल, स्टेपलर, फॉर्म, आणि स्पीकरवर इंटरप्रिटर. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत एकोणीस पाकिटं घेऊन आली होती, एकही न फोडलेलं. त्यातली चार तर बिलंच नव्हती, मॅमोग्राम नॉर्मल आल्याची पत्रं होती. वर्षभर ती समजत होती की तिला कॅन्सर आहे आणि त्याचेच पैसे मागतायत.

पायरी ११: प्रोमोतोरा

वरचं सगळं आपण दवाखान्याच्या आतून करतो. बाहेरून आत आणायचं काम करणाऱ्या बायकांना तिकडे प्रोमोतोरा म्हणतात, वस्तीतलीच बाई, थोडं प्रशिक्षण, घरोघर फिरणारी. आपल्याला नवं नाहीच, आशाताई. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना, कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, जगभरातून लोक ते बघायला आले. त्यामुळे मराठी माणसाने प्रोमोतोरा बघून "अरे वा" म्हणायचं नाही, तिला पगार किती देता ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी उत्तर असतं गिफ्ट कार्ड. प्रकल्पाचा निधी लिहायचं काम तुमच्याकडे असेल तर प्रोमोतोराच्या तासांचे पैसे पहिल्या ओळीत टाका, पोस्टर छपाई नंतर.

तिला द्यायच्या गोष्टी: क्लिनिकमधला थेट एक नंबर, जिथे मेनू लागत नाही. महिन्याला दहा राखीव स्लॉट जे तीच भरेल. आणि उलट निरोप, म्हणजे तिने पाठवलेली बाई पोचली की नाही, बाईच्या परवानगीने. ती लाँड्रोमॅटमध्ये, पनादेरियाच्या (बेकरीच्या) रांगेत, रविवारी चर्चच्या बाहेर बोलेल, तिथे आपण जाऊन उभं राहिलो तर कुणी थांबत नाही.

भांडायची वेळ आली तर

हॉस्पिटलने इंटरप्रिटर नाकारला तर आधी तिथेच विचारा की कलम १५५७ चा कोऑर्डिनेटर कोण, १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला तो नेमावा लागतो. नुसतं हे विचारल्यावरच टॅबलेट कुठून तरी घरंगळत येतो, मी दोनदा बघितलंय. नाहीच आला तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा आणि केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत तक्रार करता येते, स्पॅनिशमध्येही.

पिशवी खाली आलेल्या त्या पहिल्या मेक्सिकन बाईचं विचाराल तर तिच्या मुलाला आम्ही बाहेर खडू-कागद दिले, चौदा वर्षांच्या पोराला खडू दिल्याबद्दल त्याने माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. आत फोनवर बाई इंटरप्रिटर होती, बहुतेक टेक्सासमधून. पेसरी, म्हणजे गर्भाशयाला आतून आधार देणारी कडी, बसवली, ऑपरेशन नको म्हणाली. सासूबाईंना पुण्याला परत गेल्यावर तीच बसवली होती, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, तुमच्याकडेपण पिशवी खाली येते?